ऑफिसात झटक्यात उघडणारी वेबसाइट घाटात अडकते तेव्हा: संथ नेटवर साइट कशी तपासायची

साताऱ्यातल्या ऑफिसात फायबरच्या वाय-फायवर साइट दीड-दोन सेकंदांत समोर येते. यवतेश्वर ओलांडून कासकडे निघालेल्या पर्यटकाच्या फोनवर रेंजची एकच काडी असते आणि तीच साइट नुसती फिरत राहते. होमस्टेवाला म्हणतो, साइट बिघडली. साइट बनवणारा म्हणतो, माझ्याकडे तर व्यवस्थित उघडते. दोघेही खरं बोलत असतात, कारण दोघांच्या नेटची परिस्थितीच वेगळी असते. कास-बामणोलीची होमस्टे असोत, महाबळेश्वर-पाचगणीचे स्ट्रॉबेरीवाले असोत किंवा सांगलीतले हळदीचे आणि तासगावचे बेदाण्याचे व्यापारी असोत, ही तक्रार सगळीकडे सारखीच असते. तिची कारणंही बहुतेक वेळा त्याच सात-आठांपैकी निघतात.

आधी लक्षण नीट विचारून घ्या

"साइट स्लो आहे" एवढ्यावरून काहीच कळत नाही. तक्रार करणाऱ्याला पडद्यावर नेमकं काय दिसलं ते विचारा.

पाच-दहा सेकंद पांढराफटक पडदा आणि मग सगळं एकदम आलं, तर सर्व्हर उशिरा उत्तर देतोय, लिंक दोन-तीन ठिकाणी वळण घेऊन येतेय, किंवा पानाच्या डोक्यावर बसलेल्या फाइली बाकीचं सगळं अडवून धरतायत.

मजकूर लगेच आला पण फोटो वरून खाली पट्ट्या-पट्ट्यांनी उतरले, तर फोटो जड आहेत. सर्वांत जास्त वेळा आढळणारं लक्षण हेच.

रंग, चौकटी, बटणं दिसली पण अक्षरांच्या जागा कोऱ्या राहिल्या, तर दोष फॉन्टचा.

पान पूर्ण दिसतंय पण "बुक करा" दाबलं तरी हलत नाही, तर जावास्क्रिप्ट (पानाला हलतं-चालतं करणारा कोड) जास्त आहे आणि फोनला ती झेपत नाही. इथे नेटचा दोष कमी, फोनच्या ताकदीचा प्रश्न जास्त.

वाचायला लागावं आणि ओळ खाली सरकावी, बोट एकीकडे नि बटण दुसरीकडे, असं होत असेल तर फोटोंना लांबी-रुंदी दिलेली नाही.

पहिल्यांदा रडतखडत उघडली आणि दुसऱ्यांदा चटकन, तर पानाचं वजन जास्त आहे पण कॅश (आधी उतरवलेल्या फाइलींचा साठा) ठीक चाललीय. दुसऱ्यांदाही तितकाच वेळ लागत असेल तर कॅशची सूचनाच चुकलेली आहे.

आणि वाय-फायवरसुद्धा संथच असेल तर संथ नेटच्या मागे लागू नका. सरळ खाली सर्व्हरच्या भागाकडे जा.

दोष साइटचा की नेटचा?

खर्च शून्य, वेळ दोन मिनिटं. त्याच फोनवर, त्याच जागी मराठी विकिपीडियाचं एखादं पान उघडा. तेही अडकलं तर साइटला हात लावायचं कारण नाही. मग दिवसाचा डेटा संपलाय का ते बघा. अनेक प्रीपेड प्लॅनमध्ये रोजचा कोटा संपला की वेग ६४ केबीपीएसवर येतो. म्हणजे सेकंदाला फक्त ८ केबी. त्या वेगाने ३ एमबीचं पान उतरायला सव्वासहा मिनिटं लागतात. काडी पूर्ण दिसते, फोरजी लिहिलेलं असतं आणि तरी काही चालत नाही, ते यामुळे.

व्हीपीएन आणि डेटा सेव्हर बंद करा. विमान मोड लावून काढा, म्हणजे फोन टॉवरला नव्याने जोडला जातो. शक्य असेल तर दुसऱ्या कंपनीच्या सिमवर बघा. डोंगराच्या एका कुशीत एका कंपनीची रेंज असते आणि दुसरीची अजिबात नसते.

वेळही लिहून ठेवा. सप्टेंबरात कासला फुलांचा हंगाम असतो. तेव्हा शनिवार-रविवारी एकाच टॉवरवर हजारोंची गर्दी होते, आणि मंगळवारी सकाळी चाललेली साइट रविवारी दुपारी अडते. पण पर्यटक रविवारीच येणार. म्हणून हे "टॉवरचं दुखणं" म्हणून सोडून देऊ नका. टॉवर तुम्हाला बदलता येत नाही, पान हलकं करता येतं.

कोऱ्या ब्राउझरमध्ये उघडा

साइटच्या मालकाच्या फोनमध्ये त्याच्या साइटचे फोटो, फॉन्ट, स्टाइल सगळं आधीच साठलेलं असतं. त्यामुळे त्याला साइट नेहमीच्या गिऱ्हाइकाला दिसते तशी दिसते, नव्याला दिसते तशी नाही. क्रोममध्ये इन्कॉग्निटो खिडकी उघडून तपासा. प्रत्येक चाचणीला ती बंद करून पुन्हा उघडा.

वर्डप्रेसमध्ये (साइट बनवायच्या तयार प्रणालीत) याच्या उलट गंमतही होते. कॅश प्लगइन, म्हणजे तयार पान साठवून ठेवणाऱ्या जोडण्या, बहुधा लॉगिन केलेल्या माणसाला साठवलेलं पान देत नाहीत, ताजं बनवून देतात. त्यामुळे मालक लॉगिन करून बघतो, त्याला साइट संथ दिसते आणि बाहेरच्याला ती बरी चालत असते. लॉगिन असताना काढलेला कुठलाही आकडा धरू नका.

फुकटचा पहिला अहवाल

पेजस्पीड इनसाइट्स या गूगलच्या तपासणीच्या पानावर साइटचा पत्ता टाका आणि "मोबाइल"चा भाग वाचा. वरच्या भागात खऱ्या भेट देणाऱ्यांचा गेल्या २८ दिवसांचा तपशील असतो. लहान साइटला पुरेशा भेटी नसतात, म्हणून तो भाग बऱ्याचदा रिकामा येतो. त्यात बिघाड काही नाही. खालचा भाग प्रयोगशाळेतला: १.६ एमबीपीएस वेग, १५० मिलिसेकंदांचा विलंब आणि मुद्दाम मंदावलेला प्रोसेसर धरून काढलेला अंदाज.

यात दोन आकडे आधी बघा. एलसीपी म्हणजे पडद्यावरचा सर्वांत मोठा भाग दिसायला लागलेला वेळ. तो २.५ सेकंदांच्या आत चांगला, ४ च्या पुढे वाईट. सीएलएस म्हणजे पान किती सरकतं ते, ०.१ च्या आत हवा. १०० पैकी किती गुण मिळाले याच्या नादी लागू नये. ९२ चे ९७ करण्यात आठवडा घालवून पहिल्या पानावरचा ४ एमबीचा फोटो तसाच ठेवलेल्या साइट कमी नाहीत.

संगणकावर संथ नेट तयार करा

तपासणीचा कणा हाच. क्रोममध्ये साइट उघडा, एफ१२ दाबा, "नेटवर्क" टॅबवर जा.

"डिसेबल कॅश"वर खूण करा. ही खूण एफ१२ची खिडकी उघडी असेपर्यंतच चालते.

शेजारी "नो थ्रॉटलिंग" लिहिलेली यादी असते. थ्रॉटलिंग म्हणजे वेग मुद्दाम कमी करणं. तिथून आधी "स्लो फोरजी" घ्या, नंतर "थ्रीजी". घाटातली परिस्थिती हवी असेल तर त्याच यादीतून स्वतःचं प्रोफाइल बनवा: डाउनलोड ४००, अपलोड ४००, विलंब ४००. पहिले दोन आकडे केबीपीएसमध्ये, तिसरा मिलिसेकंदात. त्याला "पसरणी घाट" असं नाव देऊन ठेवा, म्हणजे पुढच्या वेळी शोधावं लागत नाही. "परफॉर्मन्स" टॅबमध्ये सीपीयूचा वेग चौपट कमी करण्याची सोय आहे. ती लावल्याशिवाय स्वस्त फोनवर काय होतं ते दिसत नाही.

वरच्या कोपऱ्यातलं फोनचं चित्र दाबून पडद्याची रुंदी ३६० करा आणि पान नव्याने लोड करा. खाली एक ओळ येते: किती विनंत्या, किती ट्रान्सफर, किती वेळ. तीन वेळा करा आणि मधला आकडा घ्या. एकाच चाचणीवर विसंबलात तर दुरुस्तीने फरक पडला की योगायोगाने, हे सांगता येणार नाही. दुरुस्तीच्या आधीचे आकडे वहीत लिहिल्याशिवाय कशालाही हात लावू नका.

"ट्रान्सफर्ड" आणि "रिसोर्सेस" यांत गोंधळ होतो. पहिला म्हणजे तारेवरून प्रत्यक्ष आलेलं वजन, दुसरा म्हणजे उलगडल्यावरचं. गिऱ्हाईकाचा डेटा पहिल्याने कापला जातो, म्हणून वजनाचं बजेट त्यावर ठरवा.

आता हिशोब. एमबीपीएसमध्ये बिट असतात, फाइलच्या वजनात बाइट, म्हणून ८ ने भागायचं. १.६ एमबीपीएस म्हणजे सेकंदाला २०० केबी. ३ एमबीचं पान १५ सेकंद घेणार. ४०० केबीपीएसवर तेच पान पूर्ण मिनिटभर. ही आदर्श गणितं झाली. वाटेत तुकडे गळतात तेव्हा वेळ आणखी वाढतो.

उलटा हिशोब जास्त कामाचा आहे. "स्लो फोरजी"वर जोडणी व्हायला साधारण ०.६ सेकंद जातात. अडीच सेकंदांत मुख्य भाग दिसायला हवा असेल तर उरले १.९ सेकंद, म्हणजे ३८० केबी. थोडं हातचं राखून ३५० केबीचं बजेट धरा: एचटीएमएल (पानाचा मजकूर आणि सांगाडा) ३०, स्टाइल (रंग आणि मांडणी) ३०, फॉन्ट ९०, जावास्क्रिप्ट ८०, वरचा मोठा फोटो १२०. यापलीकडचं जे काही असेल ते नंतर आलं तरी चालतं. कागदावर हे बजेट असलं की "अजून एक स्लायडर टाका" म्हणणाऱ्याला उत्तर देणं सोपं जातं.

फोटो

नेटवर्कच्या यादीत "साइज"वर टिचकी मारून मोठं वर, लहान खाली असं लावा. पहिल्या पाचांत बहुतेक वेळा फोटोच असतात.

फोनने काढलेला फोटो ४००० बाय ३००० पिक्सेलचा आणि ४-५ एमबीचा असतो. फोनच्या पडद्याची रुंदी ३६० एकक. तिप्पट बारीक पडदा धरला तरी १०८० पिक्सेल पुरे. उरलेले पिक्सेल गिऱ्हाईक पैसे देऊन उतरवून घेतो आणि फोन ते टाकून देतो. स्क्वूशसारख्या ब्राउझरमध्ये चालणाऱ्या साधनात फोटो १२०० पिक्सेल रुंद करा, वेबपी प्रकारात ७५ च्या दर्जाने साठवा. बहुतेक फोटो १००-२०० केबीत बसतात. हिरवी झाडी, कासची फुलं अशा बारीक तपशिलाचे फोटो जास्त जागा घेतात. त्यांना ६५ चालतं, फक्त नजरेने एकदा खात्री करा.

यात होणाऱ्या चुका ठरलेल्या आहेत. स्लायडरमध्ये सहा फोटो असतात, माणूस पहिला बघतो आणि खाली सरकतो, पण उतरतात सगळे सहा. मोबाइलवर नको म्हणून फोटो स्टाइलमध्ये लपवला जातो, पण लपवलेला फोटोही उतरतच असतो. त्याऐवजी पडद्याच्या मापाप्रमाणे वेगळी फाइल देणारी "सोर्ससेट"ची सोय वापरा. खालच्या फोटोंना "लेझी" (जवळ आल्यावरच उतरवा अशी सूचना) लावणं योग्य. मात्र सगळ्यांत वरच्या मोठ्या फोटोलाही प्लगइनने ते लावून टाकलं, तर ब्राउझर नेमका तोच फोटो उशिरा मागतो आणि एलसीपी बिघडतो. वरच्याला लेझी नको, "फेच प्रायॉरिटी हाय" (हा आधी उतरवा) हवं. आणि प्रत्येक फोटोला रुंदी-उंची लिहा, म्हणजे पान उड्या मारणार नाही.

आपल्याकडची खास खोड म्हणजे दरपत्रक. हळदीचे, बेदाण्याचे दर किंवा खोल्यांचं भाडं वर्ड फाइलमध्ये टाइप करून त्याचं चित्र बनवून साइटवर चढवतात. ते चित्र सहज एक एमबीचं होतं आणि फोनवर वाचायला बोटांनी मोठं करावं लागतं. देवनागरीचं एक अक्षरचिन्ह यूटीएफ-८ मध्ये ३ बाइट घेतं, म्हणजे हजार चिन्हांचं दरपत्रक ३ केबी, आणि दाबून पाठवलं की त्याहूनही कमी. जत-आटपाडीतून सौद्याआधी दर बघणाऱ्या शेतकऱ्याला तो आकडा तत्काळ दिसायला हवा. दर चित्रात कोंडू नका, मजकुरात लिहा.

यूट्यूबचा व्हिडिओ पानात बसवला की कोणी तो न चालवताही सहज अर्धा एमबी उतरतो. त्याजागी त्याचं छोटं चित्र ठेवा आणि बोट लावल्यावरच व्हिडिओ येऊ द्या. नकाशाचंही तेच. घाटातल्या माणसाला तुमच्या पानात फिरवता येणारा नकाशा नको असतो. त्याला फोनमधला नकाशा उघडणारी एक लिंक हवी असते.

मराठी फॉन्ट

इंग्रजीत लिहिलेल्या सूचनांमध्ये हा भाग दोन ओळींत उरकतात, कारण लॅटिन फॉन्टची छाटलेली फाइल वीस केबीच्या आसपास असते. देवनागरीत जोडाक्षरं, मात्रांच्या जागा, रफार यांमुळे आकृत्या कितीतरी जास्त. म्हणून एका जाडीची फाइल लॅटिनच्या अनेक पट होते. थीममध्ये, म्हणजे साइटच्या तयार साच्यात, साधा, मध्यम, ठळक, अतिठळक असे चार प्रकार लावलेले असले की तिथेच बजेट संपतं.

नेटवर्कमध्ये "फॉन्ट" हा गाळणा लावा आणि फाइली मोजा. दोनपेक्षा जास्त दिसल्या तर साधा आणि ठळक एवढेच ठेवा. प्रकार वॉफ२ (वेबसाठी दाबलेली फॉन्ट फाइल) आहे ना तेही बघा. टीटीएफ (न दाबलेली फाइल) तसाच चढवलेला असेल तर बदलून घ्या.

सर्वांत स्वस्त उपाय म्हणजे फॉन्ट उतरवूच नये. अँड्रॉइडमध्ये नोटो सान्स देवनागरी, विंडोजमध्ये निर्मला, आयफोनमध्ये कोहिनूर देवनागरी आधीच बसवलेले असतात. दुकानाच्या किंवा होमस्टेच्या साइटला तेवढे पुरतात. वेगळा फॉन्ट हवाच असेल तर "फॉन्ट-डिस्प्ले: स्वॅप" लिहा. ते नसेल तर क्रोम फॉन्टची वाट बघत ३ सेकंदांपर्यंत अक्षरं लपवून ठेवतो, आणि कोऱ्या जागांचं लक्षण तिथूनच येतं.

फॉन्ट छाटताना, म्हणजे नको ती अक्षरं काढताना, जपून. एखाद्या ऑनलाइन छाटणीने जोडाक्षरांचे नियम उडाले की "क्ष्म" फुटतं, रफार भलत्या अक्षरावर बसतो. छाटल्यावर "साताऱ्याचा", "गिऱ्हाईक", "लक्ष्मी", "कार्यालय" हे चार शब्द पानावर टाकून बघा. "साताऱ्याचा" मधला अर्धा ऱ्य काही जुन्या मजकुरात अदृश्य जोडचिन्ह घालून लिहिलेला असतो. अक्षरांच्या यादीत ते चिन्ह, म्हणजे २००डी हा संकेतांक, ठेवला नाही तर शब्द मोडतो. पानाची भाषा "एमआर" अशी जाहीर केलेली असावी. काही फॉन्ट त्यावरूनच ल आणि श मराठी वळणाचे दाखवतात, आणि छाटणीत ती सोयही जाऊ शकते.

बाहेरून येणारा पसारा

चॅटचा फुगा, जाहिरातींचे मागोवे, इन्स्टाग्रामची पट्टी, भेटींचा काउंटर. यातलं प्रत्येक वेगळ्या सर्व्हरवरून येतं आणि प्रत्येकासाठी नवी जोडणी करावी लागते. नेटवर्कच्या यादीत अशा ओळीवर उजवी टिचकी मारून त्या डोमेनची विनंती अडवा, पान पुन्हा लोड करा, फरक लिहा. काहीही न मोडता, एक-एक करून, कोण किती वेळ खातं ते कळतं. चॅटच्या फुग्याऐवजी व्हॉट्सअ‍ॅपची साधी लिंक पुरते. पैसे घेणाऱ्या यंत्रणेची स्क्रिप्ट मात्र कायमची अडवू नका. ती फक्त पैसे भरण्याच्या पानावरच लोड होतेय ना, एवढं तपासा.

लिंक किती वळणं घेते

वेगापेक्षा विलंब जास्त मारतो, हे इथे स्पष्ट दिसतं. फोनकडून निरोप निघून उत्तर परत येईपर्यंत एक फेरी धरा, आणि घाटात ती ४०० मिलिसेकंदांची. पत्ता शोधायला एक फेरी, जोडणीला एक, सुरक्षित जोडणीला टीएलएस १.३ असेल तर एक, जुनं १.२ असेल तर दोन. मग प्रत्यक्ष पान मागायला आणखी एक.

आता समजा, पत्रकावर नुसता एचटीटीपीचा पत्ता छापलाय. तिथून लिंक एचटीटीपीएसवर (सुरक्षित पत्त्यावर) जाते, तिथून "डब्ल्यूडब्ल्यूडब्ल्यू"वर. पहिल्या टप्प्याला ३ फेऱ्या, दुसऱ्याला ३, तिसऱ्याला ४. दहा फेऱ्या म्हणजे ४ सेकंद, आणि तेव्हा कुठे पानाचा पहिला बाइट येतो. सरळ शेवटचा पत्ता दिला असता तर ४ फेऱ्यांत, १.६ सेकंदांत काम झालं असतं. काही ब्राउझर पहिला टप्पा स्वतः गाळतात, पण त्यावर विसंबू नये.

"प्रिझर्व्ह लॉग"वर खूण करून पत्रकावरचा, व्हॉट्सअ‍ॅपवरचा, क्यूआर कोडमधला पत्ता जसाच्या तसा टाका. यादीत वरच्या ओळींना ३०१ किंवा ३०२ दिसलं की ते वळण. क्यूआर कोडमध्ये लिंक आखूड करणाऱ्या सेवेचा पत्ता असेल तर एक वळण वाढतं. नवा कोड छापून घेणं हा स्वस्तातला उपाय.

सर्व्हरचा उशीर

हे मोजताना थ्रॉटलिंग बंद करा, नाहीतर नेटचा उशीर सर्व्हरच्या नावावर लागेल. यादीतली पहिली ओळ, म्हणजे पान स्वतः, निवडून "टायमिंग" उघडा. "वेटिंग फॉर सर्व्हर रिस्पॉन्स" चांगल्या नेटवर ६०० मिलिसेकंदांच्या पुढे जात असेल तर दोष सर्व्हरकडे आहे.

वर्डप्रेस असेल तर पानाची कॅश चालू करा. मात्र बुकिंगचं आणि उपलब्ध खोल्यांचं पान तिच्यातून वगळा. शिळं पान दाखवून एकच खोली दोघांना दिली जाण्यापेक्षा ते पान एक सेकंद उशिरा आलेलं बरं.

"हेडर्स"मध्ये "कंटेंट-एन्कोडिंग" शोधा. तिथे ब्रॉटली किंवा जीझिप नसेल तर मजकूर न दाबता येतोय. मराठी मजकुरात याचा फायदा मोठा, कारण त्या तीन बाइटांतला पहिला जवळजवळ प्रत्येक अक्षराला तोच असतो. "प्रोटोकॉल" रकान्यात एच२ किंवा एच३ (एकाच जोडणीतून अनेक फाइली आणणाऱ्या नव्या पद्धती) हवं. फोटो-फॉन्टना वर्षभराची कॅश सूचना आणि फाइलच्या नावात आवृत्तीचा क्रमांक असावा.

सर्व्हर कुठे आहे तेही विचारा. अमेरिकेतल्या सर्व्हरपर्यंतची फेरी चांगल्या नेटवरही २०० मिलिसेकंदांच्या पुढे जाते. ती प्रत्येक फेरीला मोजावी लागते, म्हणून मुंबईतला सर्व्हर घेणं किंवा सीडीएन (साइटच्या प्रती गिऱ्हाइकाजवळच्या सर्व्हरवर ठेवणारी सेवा) लावणं परवडतं. आणि सर्व्हर पहिल्या दमात साधारण १४ केबीच पाठवतो, पोच आल्यावर दुप्पट, मग चौपट. म्हणून साइटचं नाव, फोन नंबर आणि मुख्य ओळ एचटीएमएलच्या सुरुवातीलाच हवी. बाकी काही आलं नाही तरी माणूस फोन लावू शकतो.

खऱ्या फोनवर

क्रोमचं थ्रॉटलिंग ब्राउझरच्या आतलं असतं. गळणारे तुकडे, टॉवर बदलणं, झोपलेला रेडिओ जागा होणं हे त्यात येत नाही. म्हणून शेवटी २-३ जीबी रॅमचा साधा अँड्रॉइड हवाच. अँड्रॉइड १३ पासून डेव्हलपर ऑप्शन्समध्ये डाउनलोडचा वेग बांधून ठेवता येतो. २५६ केबीपीएस आणि १ एमबीपीएस असे दोन्ही लावून बघा. काम झालं की मर्यादा काढायला विसरू नका, नाहीतर दुसऱ्या दिवशी फोनच दुरुस्तीला जाईल. फोन यूएसबीने जोडून क्रोमच्या रिमोट डीबगिंगने नेटवर्कची तीच यादी संगणकावर बघता येते. फोन थंड असताना तपासा. तापलेला प्रोसेसर स्वतःच मंदावतो.

यानंतर प्रत्यक्ष जागेवर जा. पानावर आलेला माणूस करणार ते एकच काम करा, म्हणजे भाडं शोधून फोन लावणं, आणि घड्याळात वेळ मोजा.

इथे थांबा आणि जाणकाराला बोलवा

सगळ्याच साइट अडत असतील तर नेट पुरवणाऱ्याला फोन करा, वेबसाइटवाल्याला नाही. कॅश लावूनही सर्व्हर ८०० मिलिसेकंदांच्या वर राहत असेल तर प्रश्न डेटाबेसचा, प्लगइनचा किंवा होस्टिंगचा आहे. तिथे अंदाजाने प्लगइन उडवत बसू नका. डीएनएस (साइटचं नाव सर्व्हरशी जोडणारी नोंद), सर्व्हरच्या वळणांची फाइल आणि एसएसएल (सुरक्षित जोडणीचं प्रमाणपत्र) यांना बॅकअपशिवाय हात लावायचा नाही. एका चुकीच्या ओळीने साइटही बंद पडते आणि डीएनएस चुकलं तर ईमेलसुद्धा. पैसे भरण्याच्या पानावर बटण प्रतिसाद देत नसेल तर स्वतः स्क्रिप्ट हलवू नका. फोटो, फॉन्ट, पसारा उरकूनही जावास्क्रिप्ट ३०० केबीच्या वर असेल तर थीमच बदलावी लागेल. ते डेव्हलपरचं काम आहे आणि त्याचे पैसे द्यावे लागतील.

बोलावताना त्याच्या हातात हे द्या: लक्षण एका वाक्यात, फोनचं मॉडेल, सिमची कंपनी, जागा आणि वेळ, आधीचे-नंतरचे आकडे, आणि नेटवर्क टॅबमधून साठवलेली हार फाइल (सगळ्या विनंत्यांची नोंद). ही फाइल इन्कॉग्निटोमध्ये, लॉगिन न करता काढा. लॉगिन असताना काढलेल्या फाइलमध्ये तुमच्या खात्यात शिरता येईल अशा कुकी जाऊ शकतात.